आत्याचं ताट

ताट गेलं तेव्हा मी विचारलंच नाही.
मांडणीवर बाराची अकरा दिसली,
म्हटलं, गेलं असेल कुणाकडे झाकून काही देताना.
मग दारूखान्यातून पोरगा निरोप घेऊन आला,
"काकी, कुकरची जुनी रिंग आहे का? काकांनी मागितलीय.
आणि लोणच्याची मोठी बरणी."

यांनी बेस्टच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली,
दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणं पडून.
रिटायर झाल्यावर म्हणाले, आता एक गाडी
पाण्यावर चालवून बघतो.
पाण्यावर!
आमच्याकडे घोडपदेवला पाणी पहाटे चार दहाला येतं,
चार पन्नासला जातं.
तेवढ्यात पिंप, हंडा, दोन बादल्या, कळशी.
आता त्यात एक फियाट भरायची.

दुपारी डबा घेऊन गेले.
चहूकडे फोडलेल्या जहाजांचं लोखंड,
मध्ये ही चौऱ्याऐंशीची गाडी, बॉनेट वर,
दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी.
डब्यात पोटॅशचं पाणी, चहाच्या रंगावर आलेलं,
पाण्यात स्टीलचे पत्रे उभे,
मध्ये रबराचे तुकडे, एकमेकांना लागू नयेत म्हणून,
एका घरातल्या जावांसारखे.
वाकून बघितलं. एका पत्र्यावर "हौ".
पलीकडच्यावर "सा".
खाली अर्धवट, "आत्याकडून, ८१".

माझं नाव. माहेरचं.
सासरी दुसरं ठेवलं, रेशनकार्डावर तेच चढलं,
हे एवढं ताटावर राहिलं होतं,
टिंबाटिंबांनी कोरलेलं,
रोज राख लावून घासलं तरी न गेलेलं.

मी काही बोलले नाही.
"बघ," म्हणाले, आणि वायर टेकवली.
माझ्या नावावरून बुडबुडे सुटले,
बारीक, पांढरे.
एक जळणारा वायू, हायड्रोजन, एक जाळणारा,
दोन्ही एकाच पाण्यातले, असं यांनी सांगितलं.
कुठला "हौ"वरून निघाला, कुठला "सा"वरून,
ते विचारायचं राहिलं.

रविवारी ऐरोलीहून मोरेश्वर आला, कागदावर आकडे मांडले.
"बाबा, इंजिनानं डायनामो फिरवायचा,
डायनामोनं पाणी फोडायचं, त्यावर परत इंजिन?
घालाल त्याहून कमीच हाती येणार."
यात एवढं शिकायचं काय?
किलोभर डाळ दळून किलोभर पीठ
कुठल्या गिरणीवाल्यानं परत दिलंय?

हे पाना पुसत राहिले.
"ठाऊक आहे. फुकट कोणाला हवंय?
मला फक्त आवाज ऐकायचाय."

पहिल्यांदा बरणी फुटली.
काचा पार रस्त्यापर्यंत, आणि सगळीकडे
गेल्या वर्षीच्या मोहरीचा वास.
"उतावळा आहे," म्हणाले, वायूबद्दल.
"याला ठिणगी उशिरा द्यायला हवी."
महिनाभर तेच. टायमिंग मागे, अजून थोडं मागे.
मग भिंतीतली वीज लावून दोन रात्री
ट्रकच्या ट्यूबमध्ये तेवढा जळणारा भरून घेतला.

आणि लागली.
खोकली नाही, धूर नाही,
खलबत्त्यात सुंठ कुटावी तसा कोरडा, हलका आवाज.
मी आकडे मोजत होते, का ते माहीत नाही.
एकशे बाराला ट्यूब चपटी झाली, गाडी थांबली.
यांचे डोळे मिटलेलेच.
सायलेन्सरच्या तोंडाशी काही थेंब लोंबत होते.
मी तळहात धरला.
कोमट. कसलाच वास नाही.

त्या महिन्याचं वीजबिल सातशे चाळीस जास्त.
फियाट पुन्हा पेट्रोलवर आहे, म्हणजे उभीच आहे.

मांडणीवर ताटं अकरा.
पंगतीला बारा माणसं झाली
की हे गुपचूप उठतात,
पातेल्यावरचं झाकण घेतात
आणि त्यात वाढून घेतात.