कलम सात-चार-दोन

ओउलू. फेब्रुवारी. चारलाच
खिडकीबाहेर निळं पडत चाललेलं.
आत अठ्ठावीस माणसं, सतरा कंपन्या,
पडद्यावर एकच वाक्य:
संपर्क तुटल्यास कुलपाने बंद राहावे.

राहावे, की राहिलेच पाहिजे?
दीड तास झाला.

ब्र्नोचा रादोमीर म्हणतो, आग लागली तर?
बुसानचे नामगुंग म्हणतात, चोर आला तर?
कोपऱ्यातला वकील काहीच म्हणत नाही,
आपल्या कागदावर फक्त 'च'खाली रेघ ओढतो.
एवढासा च.
त्याच्यापायी कुणाच्या तरी गोदामातल्या
चाळीस लाख चिपा भंगारात जातील.

एइला कोर्तेस्निएमी, अध्यक्ष. चष्मा कपाळावर.
अकरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांना
एका वाक्यात बसवतेय.
ती मतं मोजत नाही. विचारते,
"हे अगदीच कुणाला गिळवणार नाही?"
आणि थांबते.
किती थांबायचं तेही कुठेतरी लिहिलेलं असणार.

तेव्हा मागच्या रांगेतली मारेके
(तिची कंपनी तिघांची, गेल्या महिन्यापर्यंत चौघांची)
म्हणाली, बनवणाराच बुडाला
तर दिव्याने कुणाचं ऐकायचं?

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरलं.
मुद्दा महत्त्वाचा आहे, असं ठरलं.
परिशिष्ट ड. केवळ माहितीसाठी.

संध्याकाळी लांब टेबलावर
ज्याने त्याने आपापलं पोर आणून बसवलं:
बटणं, बल्ब, कुलपं, एक केविलवाणा थर्मोस्टॅट.
ब्र्नोचं बटण दाबलं.
बुसानचा दिवा ढिम्म.
पुन्हा दाबलं. ढिम्म.
दोघांनी एकच ओळ वाचलेली,
एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून.
नामगुंग बूट काढून गालिच्यावर बसले,
मांडीवर लॅपटॉप, वीस मिनिटं.
लागला तेव्हा टाळ्या पडल्या.
वकिलाच्यासुद्धा.

रात्री दहाला सफाईला आलेल्या तूलिक्कीला
रिकाम्या हॉलमध्ये एक दिवा जळताना दिसला. मारेकेचा.
कुणाच्या फोनने लावला, कोण जाणे.
खटका शोधला. बुडाशी, मागे, टेबलाखाली.
नाही.
मग वायर धरून भिंतीपर्यंत गेली
आणि प्लग उपटला.

दोन गोल पिना. भिंतीत दोन भोकं.
त्यांच्यातलं अंतरही कधीकाळी
कुणाची तरी अख्खी दुपार खाऊन बसलं असेल.

त्याच भोकांत तिने
आपला व्हॅक्यूम लावला.