चटई क्षेत्र

कर्वेनगरात मला कुणी एजंट म्हणत नाही,
खोलीवाल्या वहिनी म्हणतात.
वीस वर्षं झाली. पहिली खोली दिली
लातूरच्या दोन मुलींना, गच्चीवरची, पत्र्याची.
त्यांच्या आईनं हातावर दीडशे रुपये ठेवले
आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.
त्याची पावती कुठून आणू?

आता महारेराचं प्रमाणपत्र हवं.
आधी क्लास, मग परीक्षा, मग नोंदणी.
वाघोलीच्या सेंटरवर शेजारच्या पोरानं विचारलं,
मावशी, कुणाला सोडायला आलात?
म्हटलं, स्वतःला.

माउस ओल्या साबणासारखा निसटत होता.
प्रश्न सतरावा : चटई क्षेत्र म्हणजे काय?
चार पर्याय, चारही सारखे,
एकाच बिल्डरच्या चार बिल्डिंगांसारखे.

आणि समोर येनपुरे नवरा-बायको.
नऱ्ह्याचा फ्लॅट. कागदावर साडेसहाशे फूट.
ताबा मिळाला त्या रविवारी तिनं चटई आणली होती,
हॉलच्या मापाची,
कागदावरच्या हॉलच्या.
उलगडली तर एक टोक भिंतीवर चढलं.
तो म्हणाला, वहिनी, उरलेले फूट कुठं गेले?
मी म्हटलं, अहो, जिना धरतात, लिफ्ट धरतात,
सगळीकडे असंच असतं.
ती काही बोलली नाही.
गुडघ्यावर बसून टोक दुमडत राहिली.
दलाली मला पूर्ण मिळाली. त्यातून
पोराच्या बारावीच्या क्लासची फी भरली,
खोटं कशाला सांगू.

बाहेरच्या भिंती सोडून, डक्ट सोडून, बाल्कनी सोडून
आत जे वापरता येतं ते.
तिसरा पर्याय.
टिचकी मारली.
एका चटईचं उत्तर, तेरा वर्षं उशिरा.
नंतर जुन्या डायरीतला नंबर लावून पाहिला.
तो आता कुण्या केटररचा आहे.

पास झाले. भिंतीवर कॅलेंडर होतं तिथं
लॅमिनेट करून टांगलंय.
गिऱ्हाईक बघत नाही, मीच बघते.
पाच वर्षांची मुदत. संपेल तेव्हा मी साठीला टेकलेली.
पुन्हा फॉर्म, पुन्हा फी,
तारीख डायरीत लिहिलीय
सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली.

पण मधलं एक राहिलंच.
नोंदणीचा फॉर्म म्हणाला, व्यवसायाच्या जागेचा पुरावा जोडा.
आली का पंचाईत!
हजारभर भाडेकरार केले मी,
लोकांचे अंगठे मशीनवर दाबून दाबून घेतले,
आणि माझ्याच गाळ्याला करार नाही.
शिंगवीकाकांच्या शब्दावर बसलेली.
काका म्हणाले, आपल्यात कागद कशाला?
म्हटलं, आपल्यात नकोच, सरकारला हवाय.
बरं, म्हणाले, मग दलाली कोण देणार?
दोघंही हसलो.
हसता हसता त्यांनी भाडं पाचशेनं वाढवलं.

करार टाइप होऊन आला. क्षेत्रफळ, एकशे वीस फूट.
काका चष्मा पुसत म्हणाले, कर सही.
मी पर्समधून टेप काढली.
एक टोक त्यांच्या हातात दिलं,
धरा जरा, काका, आतल्या भिंतीला.
नऊ बाय अकरा.
पुन्हा मोजलं. नऊ बाय अकरा.

अगं, म्हणाले, ओटा धरलाय, पायरी धरलीय,
सगळीकडे असंच असतं.

मी खाली बसून टेप गुंडाळली, सावकाश.
मग त्यांच्याकडे पेन मागितलं.