काजाएवढं

टेबलाच्या टोकाबाहेर पाय येतो, उजवा.
त्याच्याखाली माझ्या एक्स-रेची कमान.
बाकीचा माणूस हिरव्या कापडापलीकडे,
जागा, आणि बोलतो आहे.

शरफुद्दीन बांगी, वय अठ्ठावन्न,
मत्रहच्या गल्लीत डिशदाशा शिवतात.
मूळचे आमच्याच खाडीचे, पलीकडच्या काठाचे.
मी आडनाव सांगितलं तेव्हा हे कळलं.
"म्हंजे तू तरीवरनं दिसणाऱ्या गावची,"
म्हणाले, आणि पुढचं सगळं गो लावून.

अंगठा कुशीवर झोपलेल्या माणसासारखा
शेजारच्या बोटाच्या अंगावर रेललेला.
सांध्याशी गाठ, सुपारीएवढी.
डॉक्टर थुरैया म्हणतात, हे घराण्यातून येतं,
आईकडून बहुधा.
चाचा म्हणतात, आयेला मधी घेऊ नका,
हा पायडलचा हिशोब आहे.
मशीनला मोटार लागली, पाय तोच राहिला.

घोट्यापासून बधिर.
सुरीचं नुसतं टोक टेकतं, तीन मिलिमीटर,
मग त्या भोकातून बारीक टोकाचं यंत्र,
दातांच्या दवाखान्यातल्यासारखं, पण सावकाश फिरणारं;
हाड तापू नये म्हणून वरून थेंब थेंब खारं पाणी.
डॉक्टर पायाकडे बघत नाहीत.
माझ्या पडद्याकडे बघतात.
"सूरा," म्हणतात,
आणि मी पायाखालचं बटण दाबते.
हेही एक पायडल,
अकरा वर्षं झाली मलाही,
खांद्यावर शिशाचा झगा घेऊन उभं राहून.

भोकातून पांढरा लगदा येतो,
उकडीसारखा. हाडाचा.
तो पुसून घेतात.
कापडापलीकडे चाचा सांगत असतात
कॉलर वळवताना कोपरा कसा बाहेर काढायचा,
आत कात्री घालून, वरून बोटानं बघत.
डॉक्टरांना मराठी येत नाही.
मी भाषांतर करत नाही.

हाडाचं टोक सरकतं,
पडद्यावर दोन स्क्रू आडवे जातात.

"झाला?"
"झालं."
"काजां किती?"
"चार. प्रत्येकी एक टाका."
"धागा?"
"नायलॉन."
चष्मा मागून घेतला, पट्टी बांधायच्या आधी वाकून पाहिलं.
"गाठ नीट मारलीन." मग माझ्याकडे:
"तुझा झगा खांद्यावर उसवलाय गो.
शिशात सुई जायची नाय. पट्टा तेवढा बदलून देईन."

संध्याकाळी दुकानाचे मालक आले,
हातात सफरचंदं.
पट्टी बदलताना त्यांनी पाय पाहिला.
चार ठिपके.
"एवढंच? मग रविवारी येतोस ना?"
ईद सोळा दिवसांवर. भिंतीवर कापडांचे गठ्ठे.
वाईट माणूस नव्हता तो,
ठिपकेच बघत होता.

डॉक्टर म्हणाल्या, सहा आठवडे.
मालक हसले, ठिपक्यांकडे बोट दाखवत.
तेव्हा मी फोटो लावला पडद्यावर:
हाड आरपार कापलेलं, जागेवरून सरकवलेलं,
दोन खिळ्यांवर उभं.
मालकांनी सफरचंदं खाली ठेवली.
चाचा खिडकीकडे बघत होते,
त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही.
"अस्तर," एवढंच पुटपुटले.

रात्री व्हिडिओवर बायकोनं विचारलं, कुठं कापलंय?
त्यांनी फोन पायाजवळ नेला.
दिसत नाय, म्हणाली.
मोठी जखम असती तर रडली असती, हे ते मला सांगत होते,
आणि आवाजात थोडी तक्रार होती.

पंधराव्या दिवशी टाके काढायला आले,
कडक तळाचा काळा बूट घालून, टाचेवर चालत,
हातात प्लास्टिकची पिशवी.
पिशवीत माझ्या झग्याचा पट्टा,
दुहेरी शिवण, टोकाला चौकोनात फुली.
डॉक्टर आत हात धुवत होत्या.
मी हळू आवाजात विचारलं,
चाचा, मशीनवर केलंत? कुठल्या पायानं?

"आधी बघ तर," म्हणाले,
"बसतोय का."