चि. आणि चि.

संगणकात पत्रिकेचा साचा तयारच असतो.
चि.च्या पुढे मोकळी जागा,
चि. सौ. कां.च्या पुढे मोकळी जागा,
मध्ये लाल अक्षरांत 'यांचा शुभविवाह'.
उदगीरच्या या छापखान्यात अकरा वर्षं
मी त्या दोन जागा भरतेय.

मंगळवारी दुपारी पहिल्यांदा
'सौ. कां.' खोडलं.
टिंबांसकट. बोट बॅकस्पेसवर दाबून धरलं.
उरलं ते असं :
चि. उमाकांत आणि चि. राजहंस.
'शुभविवाह' त्यांनी स्वतःच काढायला लावला,
कायद्यात बसत नाही म्हणाले,
'स्नेहभोजन' टाका.
चाळीसच माणसं आहेत.
शंभराच्या खाली छापत नाहीत, ठाऊक आहे,
उरलेल्या साठ राहू देत घरी.

निमंत्रक : उमाकांतची मोठी बहीण, देगलूर.
आणि सगळ्यात खाली, बदकाच्या चित्राशेजारी,
भाचीचं :
आमच्या मामाच्या जेवणाला यायचं हं!
राजहंस वाकून म्हणाला,
ताई, मा वर अनुस्वार द्या.
मामांच्या.
दोघं आहोत.

तेवढ्यात अप्पा आले.
पडद्यावरचं वाचलं, मग त्या दोघांना वाचलं.
शर्टावरूनच गळ्यातलं लिंग चाचपलं.
"माझ्याच्यानं व्हायचं नाही बगा हे.
तुमच्यावर राग नाही माझा.
पण वर देवाचं नाव आहे."

मग देवाचं नाव काढा, उमाकांत म्हणाला.

"देवाच्या नावाबिगर
या मशिनीतून कागद निघाला नाही,
वडलांपासून."

म्हणजे देवासकट छापता येत नाही
आणि देवाशिवाय छापत नाहीत.
मी कीबोर्डवरची धूळ फुंकली.

वर देवाचं नाव होतंच की
वाळूच्या ठेकेदाराच्या अभीष्टचिंतनावर,
एक बायको घरात असताना
दुसरीच्या हळदीवर,
आणि नववीतल्या त्या पोरीच्या पत्रिकेवर,
जिच्या नावाआधी चि. सौ. कां.
मीच भरलं.
तेव्हा अप्पांचा हात गळ्याशी गेला नव्हता.
माझाही कुठे गेला नव्हता.

भिंतीवर अप्पांचे वडील आहेत, हार घातलेले.
त्र्याहत्तर साली गावातल्या दोन्ही छापखान्यांनी
परत पाठवलेली एक पत्रिका त्यांनी छापली :
पाटलांची मुलगी, वेशीबाहेरचा मास्तर.
रात्री कंदिलाशी खिळे जुळवले,
सकाळी काच फुटलेली.
दर दसऱ्याला मशिनीला झेंडू वाहताना
अप्पा हे सांगतात
आणि त्यांचा आवाज भरून येतो, खोटा नाही.

मी फक्त तिकडे पाहिलं.
अप्पा म्हणाले, "ते वेगळं होतं."
कुणी विचारलं नव्हतं.

अप्पांचं नाव मन्मथ.
कपिलधारच्या स्वामींवरून ठेवलेलं.
शब्दकोशात आणखी एक अर्थ दिलाय,
मी एकदा शुद्धलेखन बघताना वाचला होता.
सांगणार कोण. पगार त्यांच्याकडून येतो.

चहा मात्र त्यांनी मागवला.
"उन्हात आलात, तसेच जाऊ नका."
चौघांनी घेतला. बशीत ओतून फक्त अप्पांनी.
लातूरला करून देतील कुणीतरी, असं अप्पाच म्हणाले,
पत्ताही सांगत होते,
पण राजहंस उठला होता.
त्याने दोनशेची नोट पेपरवेटखाली ठेवली.
"जुळणीचे."
"न केलेल्या कामाचे पैसे घेत नाही मी."
"यांनी केलंय की," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

ते गेल्यावर फाईल बंद करताना लक्षात आलं,
अनुस्वार द्यायचा राहिला.
दिला.
कुणासाठी, ठाऊक नाही.

आज शनिवार.
नोट तिथंच आहे.
अप्पा उचलत नाहीत, मी उचलत नाही,
गिऱ्हाइकं बघतात आणि विचारत नाहीत.
वीज आली की पंखा सुरू होतो
आणि ती पेपरवेटखाली फडफडत राहते.
"पंखा कमी कर गं जरा,"
अप्पा म्हणतात,
या उन्हाळ्यात.