पंचवीस अंशांवर

मे महिन्यात बडोद्यात पंचवीस अंश
कुठेच नसायचे.
फक्त आमच्या काचेच्या हौदात,
तेही मी बर्फ टाकत राहिले तर.
मांडवीहून गोणपाटात गुंडाळलेली लादी निघायची,
फत्तेगंजला पोचेपर्यंत निम्मी.

दलसुखभाईंनी फुंकून दिलेली नळी :
दोन पोटं, मध्ये पारा, वर केसाएवढी वाट.
एकात बेंझीन, एकात सायक्लोहेक्झेन,
भिंतीला भिंत लागून, तरी अनोळखी.
मी सगळं हळूच कलतं करायचे,
पारा बाजूला सरकायचा
आणि केशनळीतली रेघ
वर.

पन्नास आणि पन्नास
शंभर नव्हेत, थोडे जास्तच.
वरून काही घातलेलं नाही.
आपल्याआपल्यांत टेकून बसायची सवय मोडली,
एवढंच.

अल्कोहोल आणि पाण्याचं उलटं.
साडेतीन घनसेंटिमीटर कमी.
दलसुखभाई टेबलाखाली वाकून बघायचे,
"ढोळाई तो नथी गयुं ने, बेन?"
नाही हो. वजन तेवढंच आहे.
मग गेलं कुठे?
आत, मी म्हणायचे.
ते चष्मा पुसायचे. पटायचं नाही त्यांना.
काच फुंकणाऱ्या माणसाला
आत म्हणजे काय, हे माझ्याहून जास्त माहीत.

प्रबंधात मी एक वाक्य लिहिलं होतं,
द्रव एकमेकांना जागा करून देतात.
शेजवलकर सरांनी तांबड्या शाईनं काट मारली.
उपमा नको. चिन्ह लिही,
अधिक की उणे.

त्याच वर्षी वसुधाताई दोन मुलं घेऊन
दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत परत आली.
तीन आणि तीन.
रात्री चार गाद्यांत मावायचो,
सकाळी नळाशी अकरा जण असल्यासारखे.
ती माझा हात नाकाशी धरून म्हणायची,
कसला गं हा वास, गोड गोड?
मी हात पुन्हा धुवायचे.
चिन्ह काही ठरवता आलं नाही.
घरात तापमान स्थिर नव्हतं.

वही अजून आहे.
चौदावं वाचन खोडलेलं.
दुपारी दोनला वीज गेली, ढवळणारा पंखा थांबला,
बर्फाचं नुसतं गोणपाट उरलं.
मी दुर्बिणीला डोळा लावून बसले होते.
रेघ चढत होती, स्वच्छ, एकसारखी,
आणि ती मिसळल्यानं चढतेय
की नुसत्या उन्हानं,
हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.