काच घरी राहिली

खाण बंद पडली त्या वर्षी मालकाने बार्जवरून मला सुटा केला,
हातात एक लाख बारा हजार.
सत्तर वैजयंतीने मोजून उचलले, घराचे.
उरलेल्यांकडे बघून म्हणाली,
"तुझा खुळेपणा एवढ्यात बसव."

शंभर पानी वही. पहिली ओळ, नळी:
बेळगावच्या एका सुभेदाराची, वापरलेली,
आत डोकावलं तर आटे अजून धारदार.
परवाना, नावबदलाचा कागद, पणजीच्या पाच खेपा.
बसभाडं लिहिलं. चहा लिहिला नाही.
दस्ता विकतचा चाळीस हजार. तो खोडून
खाली लिहिलं, कायतान.

कायतान पुलापलीकडे, सावर्ड्यात,
चर्चची व्हायोलिनं दुरुस्त करतो.
त्याच्याकडे मोडक्या पलंगाची फळी होती, फणसाची,
चाळीस पावसाळे आढ्याला वाळलेली.
"गाल हांगा दवर," म्हणाला, "आनी उस्वास घेनाका."
खडूने गालाचं हाड आखलं.
एक हात रंधा, पुन्हा गाल, पुन्हा रंधा,
असे अकरा रविवार.
पैसे विचारले तर तुकडा उचलून दाखवला,
यातून हनुवटीची एक वाटी निघते, फिटलं.

पुढचं टोक हलकं पडत होतं.
बेतूलच्या रापणकारांकडून जाळ्याचं जुनं शिसं आणलं, किलोवर,
वितळवलं घरच्या कढईत.
कढई वहीत आली: एकशे ऐंशी.
तिच्यात पुन्हा काही शिजलं नाही.

काच मात्र. काच नळीहून महाग.
भिशी लागेपर्यंत सात महिने
मी लोखंडी माशीवर डोळा शिणवला.

आणि सगळं जुळल्यावर लक्षात आलं
की गोव्यात सरळ हजार पावलं नाहीत.
रस्ता वळतो, नदी वळते,
लग्नाचं बोलणंसुद्धा तीन घरं फिरून येतं.
रूळ सरळ आहे, धावपट्टी सरळ आहे,
दोन्ही सरकारची.
म्हणून महूच्या मैदानावर नाव घातलं, चाळिसाव्या वर्षी, नवशिका.
स्लीपरचं तिकीट. तेही लिहिलं.

तर निवडणूक लागली.
शस्त्रं ठाण्यात जमा करा.
खेळाडूंना सूट असते म्हणे, अर्ज दिला,
अर्जावर शिक्का बसला, उत्तर बसलं नाही.
हवालदाराने तिला आडवी ठेवली
रानडुकरांवरच्या गंजक्या ठासणीच्या बंदुकांत
आणि रजिस्टरात लिहिलं: रायफल, एक, लाकडी.
मी म्हटलं, फणस लिहा.
त्याने वर पाहिलं. लिहिलं नाही.

काच तेवढी सोडवून घरी आणली.
काचेला परवाना लागत नाही.

आता संध्याकाळी मी नदीकाठी बसतो, वारा वाचत.
वहीचं नवं पान, किमतीचा रकाना कोरा.
अलीकडे गवत डावीकडे झुकलेलं,
मधे पाण्याच्या सुरकुत्या नेमक्या उलट,
पलीकडे दोरीवरचा टॉवेल ढिम्म.
एका रेषेत तीन वारे.
गोळीला तिघांचंही ऐकावं लागतं.

काल टॉवेलामागचं दार उघडलं.
कायतान. खुर्ची ओढली, व्हायोलिन खांद्याला घेतलं,
गाल लाकडावर ठेवला,
अगदी तसाच, जसा माझा ठेवून घेतला होता.
काचेतल्या दोन रेघा
त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर येऊन थांबल्या.
मी थांबवल्या नव्हत्या.
माझा श्वास अर्धा, बोट हवेत वाकलेलं.

ठाण्याला कुलूप आहे
याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.

काच खाली केली.
नुसत्या डोळ्यांना पलीकडे एक ठिपका,
हात हलतोय की नाही तेही कळेना.
आवाज काहीच नाही. वारा माझ्याकडून तिकडे जात होता.
तेवढं वहीत लिहिलं.