धडा

सेक्रेटरीबाई, उंची सांगितलीत, वजन सांगितलंत,
बॅलरॅटहून दर शनिवारी तीन तास गाडी हाकत येणार,
पेट्रोल आपलं,
मॅचमागे सातशे डॉलर, तेही आपलेच,
म्हणजे शुक्रवारच्या मटणाच्या लॉटरीचे,
नेटबॉलच्या पोरींनी
पावसात उभं राहून विकलेल्या सॉसेजचे.

मी अडतीस वर्षं
टॅलबूकच्या सायलोपाशी काट्यावर बसलो.
ट्रक भरून आला की एक आकडा,
रिता होऊन निघाला की दुसरा.
पहिला सगळ्यांनाच आवडतो, ड्रायव्हर तो मोठ्याने वाचतात.
पण धडा वजा केल्याशिवाय
गहू किती आला ते कळत नाही, ग्लेनिस.

ह्याचा धडा कोणी काढला?
चार हंगामांत पाच क्लब.
डाव्या मांडीची शीर दोनदा तुटलेली.
फोनवरच्या दीड मिनिटाच्या व्हिडिओत
तो प्रत्येक चेंडू डोक्यावरून झेलतो.
दीड मिनिट तर मीही झेलतो,
डेस्माला विचारा, फ्रिजमधून अंडी घरंगळतात तेव्हा.
पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल,
आणि कमिटी काठावर उभी, पाकीट उघडून.

इथे हाबिकांचा धाकटा आहे, राईस.
बुटका. उजव्या पायाने लाथ मारतो ती कुंपणापलीकडे मेंढ्यांत.
पेरणीच्या दिवसांत सराव चुकवतो, मान्य.
पण गेल्या जूनमध्ये कुराँग क्रीकविरुद्ध
आपण एकसष्ट गुणांनी मागे, शेवटचा क्वार्टर,
निम्म्या गाड्या निघून गेलेल्या,
तेव्हा तो उलट्या दिशेने धावत गेला,
नजर वर चेंडूवर,
समोरून कोण येतंय ते न बघता.
समोरून त्यांचा रकमन येत होता. सव्वाशे किलो.

व्हिडिओ कोणी काढला नाही.
मी होतो बाउंड्रीला, गाडीत, हीटर लावून.
मी हॉर्न वाजवला.
गोल नव्हता, लोकांनी वळून पाहिलं,
मी आणखी एकदा वाजवला.

आता तुम्ही म्हणाल, बोलतोय कोण.
बोला. मीच सांगतो.
एक्क्याऐंशी साली मलाही विकतच आणलं होतं,
जिलाँगच्या दोरखान्यातून,
फुल फॉरवर्ड, बावीस वर्षं, केस खांद्यापर्यंत.
काट्यावरची नोकरी, रुळांलगतचं घर,
वर एक भरलेला फ्रीझर.
नऊ मॅच खेळलो. चार गोल.
दहाव्या मॅचला गुडघा असा वळला
की बाउंड्रीवरच्या बायकांना आवाज ऐकू गेला.
एकेक गोल केवढ्याला पडला
ते जुन्या वहीत असेल, बघू नका.

लायल नोस्के तेव्हाचा सेक्रेटरी.
हॉस्पिटलात द्राक्षं घेऊन आला,
अर्धी स्वतःच खाल्ली,
म्हणाला, घड्याळ येतं का बघता तुला?
तेव्हापासून घड्याळ माझ्याकडे, आणि भोंगा.
मैदानावरच्या पांढऱ्या रेषा.
पुरुषांच्या मुतारीचा नळ, तो अजून गळतो.

म्हणजे लायल चुकला की नाही, मला सांगता येत नाही.
रात्री कधी आकडेमोड करतो,
दर वेळी वेगळं उत्तर येतं.

आणा त्याला. माझं मत पडणारच नाही, ठाऊक आहे.
फक्त उंची विचारू नका.
हरल्यावर शनिवारी संध्याकाळी तो बारपाशी थांबतो
की गाडी सुरू करतो, ते त्याच्या पाचही क्लबांना विचारा.
आणि तो निघून जाईल तेव्हा
किती हलका होऊन गेला, ते लिहून ठेवा.
येतानाचं वजन मी धरत नाही.

आणि राईसला सतरा नंबर द्या.
जर्सी क्लबात शोधू नका, माझ्याकडे आहे,
डेस्माने धुऊन ठेवलीय.
काखेत उसवलीय थोडी,
आणि छातीत सैल होईल पोराला,
एखादा हंगाम.